हौसाकाकीचं नाक

मालवण
१६ जानेवारी २००५

रविदादा,

तुझ्या मेंदूचं वजन साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम आहे. म्हणजे एका मध्यम सुरमईएवढं. तुला माहीत नव्हतं ना? मलाही दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं.

तू माझा फोन घेत नाहीस. वेरावळच्या तुझ्या बर्फाच्या फॅक्टरीतला माणूस दर वेळी "रविराज बाहर गया" म्हणतो आणि मागे तुझाच खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, बोलते तसंच लिहिणार, चुका काढत बसू नकोस.

मी कोल्हापूरला मेडिकलला लागले हे बाबांनी तुला कळवलंच असेल. गेल्या आठवड्यात मी खराखुरा ब्रेन हातात धरला. औषधात ठेवलेला असतो, त्यामुळे रबरासारखा लागतो. पण आमच्या मॅडम म्हणाल्या, जिवंत माणसाचा शहाळ्यातल्या मलईसारखा मऊ असतो आणि पाण्यात तरंगत असतो. विचार कर, आपण सगळे डोक्यात शहाळं घेऊन फिरतोय! आणि त्यातली डावी बाजू उजवा हात हलवते, उजवी बाजू डावा. असं उलटं का, ते मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही. मला हे इतकं आवडलं! एवढ्या मोठ्या मॅडम आणि चक्क सांगतात की माहीत नाही.

मग ब्रेन उलटा केला. खालच्या बाजूने नर्व्ह निघतात, बारा जोड्या. पुढून मागे नंबर दिलेत. पहिली वासाची, दुसरी नजरेची, तिसरी-चौथी-सहावी डोळे फिरवायला, पाचवी चेहऱ्याच्या स्पर्शाची, सातवी चेहरा हलवायची, अशा बारापर्यंत. आणि प्रत्येक नर्व्ह नुसतं बाहेरून तपासता येते. कापाकापी नाही, मशीन नाही. हे कळल्यापासून मला राहवत नाहीये. हॉस्टेलवरच्या सगळ्या मुलींच्या जिभा बघून झाल्या. म्हणून संक्रांतीला एसटीने घरी आले ती डायरेक्ट तुझ्या आईकडेच गेले. (स्टँडपासून चालत गेले. स्कूटी आता मी घेत नाही.)

काकी ओट्यावर सुकट निवडत होती. मी म्हटलं, काकी, दात दाखव.

"काय गो, माझे दात मोजतंस? घोडी इकत घेवक इल्लंस?"

तरी दाखवले. गाल फुगवले. माझ्या बोटामागे डोळे फिरवले. खांद्यांवर हात दाबून म्हटलं, आता खांदे वर कर. तिने मलाच उचललं. "पाटी उचलणारो खांदो तो. तुझ्या दोन हातांनी काय होतला!" शेवटी जीभ बाहेर काढायला लावली तेव्हा म्हणाली, "ह्याच्यासाठी बापाशीन तुका कोल्हापुराक धाडल्यान?"

पहिल्या नर्व्हसाठी मी आईची बामची डबी तिच्या नाकाखाली धरली, डोळे मिटायला लावून. तिने झटकन डोकं मागे घेतलं. "बाम. तुझ्या आवशीचो. माझ्या नाकाची परीक्षा घेतंस? ह्या नाकान तीस वर्सां पोटाक घातल्यान."

बारापैकी बारा पास.

दादा, मी तुला हे का लिहितेय ते तुलाही कळतंय. काकी तुझं नाव काढत नाही. पण मी ओट्यावर बसले की विचारते, "बापूस बोललो काय कोणाकडे फोनार?" बापूस म्हणजे माझे बाबा, कोणाकडे म्हणजे तुझ्याकडे. मार्केटात आनंदीबाईंच्या पाटीसमोर बायकांची गर्दी असते आणि काकी शेजारीच पाटी उघडून बसलेली असते. लोक तिच्याकडे बघून नमस्कार करतात आणि पुढे जातात. काल मी तासभर तिच्याजवळ बसले होते. दोन गिऱ्हाइकं आली. एक सुट्टे मागायला आलेलं.

जे झालं ते वाईटच झालं. तुझी तारकर्लीची खानावळ, २००३च्या डिसेंबरमधली ती पुण्याची अकरा माणसं, लाल झालेले चेहरे, उलट्या. सगळे बरे झाले म्हणून नशीब. मासे काकीने दिलेले होते, हे खरं. पण तू आईला सोडून गेलास ते त्या माशांमुळे नाही, तिने सातेरीदेवीच्या देवळात नारळावर हात ठेवून "मासो ताजो होतो" म्हटलं म्हणून गेलास. ती खोटी शपथ घेईल असं तुला खरंच वाटतं?

मला उत्तर लिही. बारा नर्व्हमधली तुला कुठली आवडली तेवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
भार्गवी


कोल्हापूर, हॉस्टेल
६ फेब्रुवारी २००५

रविदादा,

तू लिहिलं नाहीस. ठीक आहे. मीच लिहिते.

काल माझी तोंडी परीक्षा झाली आणि माझा पार पोपट झाला. मॅडमनी विचारलं, पहिली नर्व्ह कशी तपासशील? मी ऐटीत म्हटलं, बामने. मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा वर्गात कुणी श्वास घेत नाही.

"बाम नाकाला झोंबतो," त्या म्हणाल्या. "झोंबणं हा वास नाही. झोंबणं पाचवी नर्व्ह नेते. ज्याला अजिबात वास येत नाही, त्यालाही बाम कळतो. कांदा कळतो, अमोनिया कळतो. तू पहिली नर्व्ह तपासलीच नाहीस, पाचवी दोनदा तपासलीस."

कॉफी, फूल, साबण असलं न झोंबणारं काहीतरी घ्यायचं म्हणे. आणि बहुतेक डॉक्टर पहिली नर्व्ह तपासतच नाहीत, सरळ दुसरीपासून सुरू करतात. त्यामुळे कुणाचा वास गेला तर कित्येक दिवस कळत नाही. त्या माणसालासुद्धा.

मग त्यांनी कवटी दाखवली, आतून. नाकाच्या बरोबर वर एक हाड असतं, चाळणीसारखं बारीक भोकांचं. वासाच्या नर्व्हचे धागे त्या भोकांतून वर ब्रेनमध्ये जातात. एका बाजूला वीसेक. केसापेक्षा बारीक. बाकीच्या नर्व्ह दोरखंडासारख्या आणि ही बघ कशी! आणि वास ही एकच गोष्ट अशी आहे की जी ब्रेनच्या मधल्या ऑफिसात न थांबता आत जाते, थेट आठवणींच्या आणि रागालोभाच्या शेजारी. म्हणून वासाने माणूस लहानपणात जातो. मला हे लिहिताना पण शहारा येतो.

कुणीतरी विचारलं, हे धागे तुटतात कशाने? मॅडम म्हणाल्या, माणूस मागे पडला, डोक्याची मागची बाजू आपटली की आतला ब्रेन पाण्यात पुढे सरकतो आणि धागे चाळणीत कापले जातात. बाहेर नुसतं टेंगूळ दिसतं.

माझी रूममेट सलोनी रात्री म्हणाली, भार्गवी, तुला ताप आहे का? तू आज वर्गात एकच प्रश्न विचारलास.

दादा, एक आठव. तू जायच्या आधीच्या दोन महिन्यांत काकीची आमटी कशी लागायची? आमच्याकडे सगळे म्हणायचे की कोकमाची सोलं जास्त पडतात, मीठ जास्त पडतं. बाबा चेष्टा करायचे. तू तर एकदा ताट सरकवलंस आणि म्हणालास, आयेचा लक्ष खंय आसा कोण जाणे. आणि ती म्हणायची की हल्ली नारळालाच चव नाही, बर्फातल्या माशाला वासच येत नाही. ती सर्दी सर्दी म्हणायची. सर्दी दोन महिने असते का?

असेलही. मी काही डॉक्टर नाही अजून. २६ तारखेला घरी जातेय, तेव्हा नीट तपासेन. या वेळी बाम नाही.

भार्गवी


मालवण
२७ फेब्रुवारी २००५

रविदादा,

हे पूर्ण वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस. कुठेतरी बस आणि वाच.

सुरंगीचा सीझन आहे. काल येताना मी सुरंगीच्या फुलांचा वळेसर घेतला. एसटीत पुढच्या चार सीटवरच्या बायका वळून बघत होत्या, एवढा वास. घरातून कॉफी पावडर घेतली आणि काकीच्याच डब्यातलं सुकट. तिचे डोळे पदराने बांधले. ती हसत होती. "नवरी करतंस माका?"

सुरंगी नाकाखाली धरली.

ती वाट बघत राहिली. म्हणाली, "हाड मगे."

"आणलंय काकी."

"खंय? नाकाकडे धर."

तिच्या नाकाला पाकळ्या लागत होत्या, दादा.

मग कॉफी. मग सुकट, जे ती तीस वर्षं विकते. सुकटाला म्हणाली, "पीठ?" ते ती वासाने सांगत नव्हती, अंदाजाने. मी पदर सोडला. तिने समोरच्या तीन वाट्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. चुलीवर काही नव्हतं तरी फुंकत बसली.

मला वाटलं संपलं, आता ती माझ्याशी पण बोलणार नाही. पण सकाळी तिनेच हाक मारली. मोरी माशाचं, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या शार्कचं, एक अख्खं डोकं आडाळ्याच्या पात्यासमोर घेऊन बसली होती. म्हणाली, तू काल काय दोऱ्या सांगत होतंस त्या दाखव माका.

आम्ही दोघींनी ते उघडलं. मी नुसतं बोटाने दाखवत होते, कापत ती होती. काय हात आहे दादा तिचा! आमच्या कॉलेजात कुणाला असं जमणार नाही. मोरीचा ब्रेन एवढासा, पण त्यातून दोन लांब दांडे पुढे नाकाकडे जातात आणि टोकाला दोन गड्डे. वासाचे. म्हणजे मोरीच्या मेंदूत वासाचंच घर मोठं. काकीला काही नवल वाटलं नाही. "मोरी वासारच जाता. पाण्यात रगताचो थेंब पडलो की इलीच." मग गड्ड्यापुढचे बारीक तंतू तिने सुरीच्या टोकाने उचलले.

"ह्ये तुटले तर गो?"

"मग वास येत नाही, काकी."

"पण ह्या मोरीचो वास येता माका. बघ, नाकात जाता."

मी सांगितलं. तो वास नाही, ती झोंब आहे. मोरीला अमोनियासारखं झोंबतं, ते पाचवी नर्व्ह नेते. बामाचं पण तसंच. म्हणून तिला वाटत राहिलं की नाक चालू आहे.

ती बराच वेळ हात धूत बसली. मग जे म्हणाली ते मी आत जाऊन लगेच वहीत लिहिलं, शब्दाला शब्द:

"त्या दिवशी बांगड्याचो डोळो लाल होतो. माका दिसलो. मी नाकाकडे धरलंय. वास नाय इलो. तीस वर्सां नाकान माका फसवल्यान नाय. म्हटलंय, डोळो म्हातारो झालो आसतलो, नाक नाय."

दादा, कळलं का? तिला मासा शिळा आहे हे दिसलं होतं आणि तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. तिची शपथ खोटी नव्हती. तिने देवीसमोर सांगितलं की मी माझ्या नाकाने बघितलाय आणि मासो ताजो. नाकाने बघितला हे खरंच होतं! फक्त नाक तुटलेलं होतं.

मी हे तिला इतक्या जोशात सांगितलं की मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. ती म्हणाली, "पण मासो शिळोच होतो मगो. खाणाऱ्याच्या पोटाक काय ठावक, माझी दोरी तुटली काय नाय ती."

कशाने तुटली विचारशील. त्या डिसेंबरच्या आधीच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, ती मार्केटच्या पायरीवर घसरून मागे पडली होती. तुला आठवत असेल, टेंगूळ आलं होतं, हळद-चुना लावून बसली होती. तेव्हाच.

आता तरी फोन उचल.

भार्गवी


कोल्हापूर
२० मार्च २००५

रविदादा,

तुझं कार्ड मिळालं. सव्वा वर्षात पहिलं. मी हॉस्टेलच्या जिन्यातच वाचलं.

"आनंदीबाईक फोन केलंय. भाऊबीजेक होडये गेले नाय, मार्केट बंद. बंद मार्केटाच्या पायरेर आये काय करी होती? एक खोटा झाकूक दुसरा शिकव नको."

बरोबर आहे तुझं.

चार दिवस मी तुला दुसरंच पत्र लिहीत होते. मॅडमना मी विचारलं होतं की बांगडा शिळा आहे हे वासाने नक्की कळतंच का. त्या म्हणाल्या की बांगड्यासारखे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात एक विष तयार होतं, त्याला वास नसतो, शिजवून पण जात नाही. चेहरा लाल होतो तो त्यानेच. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे नाक चांगलं असतं तरी कळलं नसतं. म्हणजे पडली कशी याला काही अर्थच नाही. तू उरलेला बांगडा हुंगून शिळा म्हणालास तो संध्याकाळी, सकाळी वास होता की नव्हता कुणाला ठाऊक. तीन पानं लिहिली. इंग्लिश शब्द घालून. मग पुन्हा वहीतलं काकीचं वाक्य वाचलं. डोळा लाल दिसला, म्हणून नाकाकडे धरलं. नाक असतं तर तिने तो मासा तुला दिला नसता. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. ती तीन पानं फाडली.

ती पायरीवर पडली नाही. माझ्या मागे बसली होती.

भाऊबीजेला तिला देवबागला मामांकडे जायचं होतं. बस चुकली. बाबा झोपले होते. मी म्हटलं, मी सोडते. सतरा वर्षांची होते, लायसन नाही, स्कूटी न विचारता काढली. काकी एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर ओवाळायचं ताट. तारकर्लीच्या पुढे रस्त्यावर वाळू आली होती. मला बोलायची घाई. मागे वळून तिला काहीतरी सांगत होते, काय ते आठवत पण नाही. चाक गेलं. मी बाजूला पडले, काकी सरळ मागे. डोकं रस्त्यावर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.

ती दोनेक मिनिटं बोलली नाही. डोळे उघडे होते. मग उठून बसली, उलटी केली, तोंड पुसलं आणि रस्त्यावरचे तांदूळ वेचायला लागली. मी रडत होते. ती म्हणाली, "गप. घराकडे सांगा नको. बारावीचा वरीस तुझा, बापूस गाडी काढून घेतलो नि क्लास बंद करतलो. मी पायरेर पडलंय. माझी शपथ आसा तुका."

आणि आम्ही देवबागला गेलो. तिने मामांना ओवाळलं. जेवताना मामीला म्हणाली, मटणाक मसालो कमी पडलो गो. मामींना राग आला. मी तिथेच बसले होते. मला काहीच कळलं नाही. आता कळतं की ते पहिलं लक्षण होतं, दोन तासांच्या आत.

तिने ते माझ्यासाठी लपवलं. नंतर तू तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालास तेव्हा पण तिने सांगितलं नाही. तेव्हा तिला तरी कुठे माहीत होतं की याचा त्याच्याशी संबंध आहे. मला कळलं ५ फेब्रुवारीला. तुला कळवायचं असतं तर सहा आठवड्यांपूर्वीच कळवता आलं असतं. तुझ्या आईला निर्दोष ठरवायची एवढी घाई होती मला, पण स्वतःला वगळून.

आता माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ. देवबागला मामांना विचार, आम्ही स्कूटीवर आलो होतो का. हँडल वाकडं होतं, त्यांनीच सरळ करून दिलं.

भार्गवी


मालवण
१७ एप्रिल २००५

रविदादा,

थोडक्यात लिहिते. बाबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरोसला ऑफिसला गेले, संध्याकाळी आले, स्कूटीची चावी देवघरात ठेवली आणि काकीच्या पाया पडले. ती त्यांच्या मोठ्या भावाची बायको, तरी मी त्यांना तिच्या पाया पडताना कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे बघतच नाहीयेत.

काकीला कोल्हापूरला नेऊन नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाटल्या हुंगवल्या, फोटो काढला. दीड वर्ष झालं, आता वास परत येईल असं वाटत नाही, म्हणाले. काकीने विचारलं, "दोरी गाठ मारून जोडूक येणा नाय?" डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं. मला तो चांगला प्रश्न वाटला. मी पण मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, वासाचे धागे ही एक गंमत आहे, ते आयुष्यभर नवे उगवतात, पण चाळणीच्या हाडावर व्रण धरला की भोकं बुजतात आणि नव्यांना वाट मिळत नाही. म्हणजे तिच्या नाकात अजून धागे उगवत असतील, दादा. वर जायला बघत असतील.

काकीने आता एक काढलंय. शपथ चारचौघांत घेतली, तर जे खरं तेही चारचौघांत सांगायचं. बाबली गुरवांना जाऊन भेटली. २२ मेला, रविवारी, देवळात सगळ्या गावासमोर देवीला गाऱ्हाणं घालायचं. मला उभं राहून सांगायचंय की गाडी मी पाडली. मी घाबरलेय. पण जाणार आहे. तू यावंस असं काकी म्हणाली नाही. मी म्हणतेय.

भार्गवी


मालवण
२३ मे २००५

रविदादा,

हे पत्र पोस्टाने नाही. तू भिंतीपलीकडे आहेस. मला तुझा खोकला ऐकू येतोय. आई दाराखालून सरकवेल.

काल तू आलास, काकीने वाढलेलं जेवलास, बाबांशी बोललास, माझ्या आईला वेरावळच्या गजाली सांगितल्यास. माझ्याशी एक शब्द नाही. मी पाणी आणून ठेवलं, तू उठून माठातलं घेतलंस. बरोबर आहे. मी तक्रार करत नाहीये.

पण कालचं मला कुणाशी तरी बोलायचंय आणि तूच आठवतोयस.

मी देवळात उभी राहिले. मी एक इंग्लिश शब्द न वापरता सांगायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्यात "नर्व्ह" म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, काय म्हणता गो ती? मग सगळं सांगितलं. स्कूटी, वाळू, पायरीचं खोटं. आनंदीबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. आणि मग बाबली गुरवांनी ते सगळं गाऱ्हाण्यात घातलं. मी आयुष्यात नर्व्हचं इतकं चांगलं लेक्चर ऐकलेलं नाही:

"गे माये सातेरी, ही हौसाबाई तुझा लेकरू. तिणा नारळार हात ठेवन सांगल्यान, मासो ताजो. तां तिचा खोटेपण नाय गे माये. तिच्या नाकातसून मेंदूक जी बारीक दोरी जाता, ती दोरी तुटलेली—"

"व्हय महाराजा!"

"ती तुटली, ता ह्या भार्गवी चेडवान गाडी पाडल्यान म्हणान—"

"व्हय महाराजा!"

अख्ख्या गावाने एका आवाजात सांगितलं की मी गाडी पाडली. मला लाज वाटायला हवी होती. मला हसू फुटलं आणि रडू पण, दोन्ही एकदम. दुसऱ्या "व्हय महाराजा"ला काकीची मान ताठ झाली. तिने मागे वळून बघितलं नाही. हळूच मला म्हणाली, "रवी इलो." एवढ्या पन्नास आवाजांत तुझा ओळखला. आपले कान आवाज कसा वेगळा काढतात हे मी आठव्या नर्व्हमध्ये शिकलेय, तरी हे मला समजावून सांगता येणार नाही.

आज सकाळी मार्केटात काकीने तुला बांगड्याचा डोळा बघायला शिकवलं ते मी खांबामागून बघितलं. डोळा, मग कल्ला, मग बोट दाबून. आनंदीबाई म्हणाल्या, "हौसा, आता झिलाच्या नाकान धंदो करतलंस तर!" काकी म्हणाली, "एकाच्या नाकार माका आता भरवसो नाय गो."

आता मुद्द्याचं. हे मी नाही, तुझ्या आईने सांगितलंय आणि तुला सांगायला मला पाठवलंय. आज चार वाजता किनाऱ्यावर लिलाव आहे. ती स्वतः येणार नाही. मासे आपण दोघांनी घ्यायचे. प्रत्येक टोपली दोघांनी हुंगायची. आणि तिची अट अशी: "दोघांनी एकच गजाल सांगली तरच घेवचा. एकान ताजो नि एकान शिळो म्हटल्यान तर ता टोपला सोडून द्या."

म्हणजे दर टोपलीमागे तुला माझ्याशी "ताजो" किंवा "शिळो" एवढं तरी बोलावं लागेल. काकी सांगते की आज निदान वीस टोपल्या तरी येतील.

पावणेचार झालेत. मी पिशव्या घेऊन बाहेर ओट्यावर बसलेय, चपला घालून.

भार्गवी